आमच्या वावराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटच्या बाजारात, फोनवर आणि प्रत्यक्ष वावरात, म्हणजे शेतात, आलेली मंडळी जे विचारतात, त्यातले बहुतेक प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे माल घेणाऱ्यांचे आहेत, नंतरचे स्वतः अशी सेंद्रिय शेती करू पाहणाऱ्यांचे. दोघांनीही सगळं वाचलं तर चांगलंच, कारण गिऱ्हाइकाला शेतीतली अडचण कळली की भावावरची निम्मी घासाघीस आपोआप थांबते.

तुमचं वावर कुठे आहे आणि त्यात काय पिकतं?

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. साडेपाच एकर काळी जमीन, एक विहीर, एक बैलजोडी, दोन गावरान गाई. घरची माणसं चार: मी, माझे यजमान, सासूबाई आणि धाकटे दीर. खरिपात तूर, देशी कापूस, ज्वारी, मूग आणि उडीद. रब्बीत हरभरा, जवस आणि विहिरीचं पाणी पुरेल तेवढाच गहू. विहिरीला लागून अर्ध्या एकरात भाजीपाला, त्याच्या बाजूला हळद आणि मिरची. धुऱ्यावर (बांधावर) कडुनिंब, शेवगा, सीताफळ, लिंबू.

एवढ्याशा वावरात इतकी पिकं कशासाठी, असं गावातले लोकही विचारतात. आमच्या भागात बहुतेकांचं वावर कापूस आणि सोयाबीन या दोनच पिकांवर उभं आहे. आमचंही तसंच होतं. पैसा वर्षातून एकदा यायचा, तो कृषी केंद्राची उधारी फेडण्यात जायचा आणि शेतकऱ्याच्याच घरात डाळ, तेल, तिखट किराणा दुकानातून यायचं. म्हणून आधी घराला लागतं ते पेरायचं आणि उरेल ते ओळखीच्या माणसांना विकायचं, असं ठरवलं. बाकीची सगळी मांडणी त्या एका निर्णयातून आली आहे.

सेंद्रिय म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?

युरिया, डीएपी, तणनाशक, रासायनिक कीटकनाशक यांतलं काहीही वावरात येत नाही. बियाण्यालाही रासायनिक औषध चोळलेलं नसतं. त्याऐवजी शेणखत, नॅडेप टाक्यात काडीकचऱ्याचं केलेलं खत, शेण-गोमूत्राचं जीवामृत, निंबोळी अर्क आणि दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) वापरतो. शिवाय दरवर्षी पिकांची जागा बदलतो. कापसानंतर पुन्हा कापूस घेत नाही. तिथे तूर-मूग किंवा ज्वारी येते.

कापूस आहे म्हणता, मग तो बीटी आहे का?

नाही. सेंद्रिय शेतीत जनुक बदललेलं बियाणं चालतच नाही. देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भात दुसरं बियाणं दुकानात मागूनही मिळेनासं झालं. आम्ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या देशी वाणांपैकी एक लावतो. त्याचा धागा आखूड, बोंड लहान आणि वेचणीला वेळ जास्त. पण मावा-तुडतुड्यांना तो बऱ्यापैकी दाद देत नाही, पावसाने ताण दिला तरी तग धरतो आणि बी घरचंच राखता येतं. कापसाचा भाग आम्ही मुद्दाम लहान ठेवला आहे.

तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का?

पीजीएस-इंडिया पद्धतीचं आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. गटातले शेतकरी एकमेकांची वावरं तपासतात, नोंदी ठेवतात आणि त्यावरून प्रमाणपत्र मिळतं. निर्यात करायची असेल तर एनपीओपी ही वेगळी पद्धत आहे. तिच्यात बाहेरची संस्था तपासणीला येते आणि खर्चही बराच येतो. हिंगणघाट-वर्ध्यात भाजी आणि डाळ विकणाऱ्या घराला तिची गरज नाही.

खरं सांगायचं तर कागदापेक्षा मला आमच्या गटातल्या बायकांची तपासणी जास्त कडक वाटते. शेजारीण वावरात आली की ती आधी गोठ्यामागे बघते, रिकामे डबे पडलेत का ते. मग तण बघते. तणनाशक मारलेल्या जागेचं गवत एकसारखं पिवळं पडून करपलेलं असतं, ते लपवता येत नाही. तुम्हीही येऊन असंच बघा.

शेजारच्या वावरातली फवारणी तुमच्या पिकावर येत नाही का?

येऊ शकते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी बरं वाटतं. आमच्या दोन बाजूंना रासायनिक शेती आहे. त्या दोन्ही धुऱ्यांवर गिरिपुष्प आणि शेवरीची दाट रांग आहे, तिच्या आत तुरीच्या चार ओळी. त्या ओळींची तूर वेगळी कापतो, वेगळी ठेवतो आणि बाजार समितीत साध्या भावाने विकतो. डाळीच्या पुडक्यात ती जात नाही. भाजीपाला मुद्दाम वावराच्या मध्यात घेतला आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजारचे काका फोन करतात आणि वारा आमच्याकडे असेल तर सकाळपर्यंत थांबतात. हे नातं कुठल्याही सर्टिफिकेटात लिहिलेलं नसतं, पण त्याच्याशिवाय आमची शेती होणार नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, अंगावर साधा बनियान, पाठीवर पंप. ज्यांनी फवारलं ते बहुतेक रोजीने आलेले मजूर होते. आपल्या ताटातल्या विषाबद्दल शहरात बोललं जातं, ते बरोबरच आहे. पण विष सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं. आम्ही ही शेती करतो त्यामागचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

तुमची तूर डाळ दुकानापेक्षा महाग का?

हिशेब मांडते, तुम्हीच बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. आमच्या पद्धतीने एका क्विंटल तुरीची ६५ ते ७० किलो डाळ निघते. बाकी चुरी, चुनी आणि टरफल गुरांपुढे जातं. म्हणजे तूर हमीभावाने धरली तरी डाळीत नुसता कच्चा माल किलोला १२० रुपयांच्या आसपास पडतो. त्यावर भिजवणं, उन्हात वाळवणं, भरडणं, पाखडणं, निवडणं आणि पुडकी भरणं. निवडायला दोन बाया बसवल्या तर त्यांना पूर्ण रोजी द्यावी लागते, आणि ती आम्ही देतो. तणनाशक न मारता निंदण केल्याची मजुरी वेगळीच.

दुकानातली चकचकीत पिवळी डाळ पॉलिश केलेली असते. आमची डाळ मळकट पिवळी दिसते, काही पाकळ्यांना टरफलाचा लाल तुकडा चिकटलेला असतो. भाव आम्ही तूर घरात आली की वर्षभरासाठी एकदाच ठरवतो. बाजारात डाळ दोनशेवर गेली तेव्हाही आम्ही भाव वाढवला नाही, आणि बाजार पडला तेव्हा गिऱ्हाइकांनीही आम्हाला सोडलं नाही.

ही डाळ शिजायला वेळ का लागतो?

भिजवून केलेली डाळ कोरड्या पद्धतीने गिरणीत केलेल्या डाळीपेक्षा उशिरा शिजते. अर्धा-पाऊण तास आधी भिजत घाला, शिट्ट्या नेहमीएवढ्याच लागतील. मीठ शिजल्यावर टाका.

डाळ-धान्याला कीड लागू नये म्हणून काय लावता?

ऊन. मार्च-एप्रिलचं वऱ्हाडी ऊन फुकट मिळतं आणि त्याच्यासारखं औषध नाही. दाण्याला दाताखाली कडक आवाज आला की वाळलं समजायचं. मग कोठीत वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालतो, डाळीला एरंडेलाचा हलका हात देतो. बोरिक पावडर किंवा विषारी गोळ्या वापरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात डाळ घेतलीत तर डब्याचं झाकण घट्ट लावा, आणि महिन्याला लागेल तेवढीच न्या.

मे महिन्यात पालेभाजी का मिळत नाही?

कारण तेव्हा इथे पारा ४५ च्या वर जातो. पालक सकाळी हिरवा असतो आणि दुपारी सुतळीसारखा पडतो. हिरवी जाळी लावून, रोज दोनदा पाणी देऊन काढता येईल, पण मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असतो आणि ते पाणी गुरांचं आहे. त्या दिवसांत आमच्याकडे कांदे, लसूण, कोहळं, मुगाच्या वड्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा आणि वांग्याच्या फोडी मिळतात. आपल्या आज्या उन्हाळा असाच काढायच्या.

पहिला पाऊस पडला की चित्र पालटतं. तरोट्याची (टाकळ्याची) कोवळी पानं, केना, घोळ, मग काटवलं, अशा रानभाज्या येतात. यांतलं काहीही आम्ही पेरत नाही. तणनाशक न मारलेल्या धुऱ्यावर आणि पडीत जागेवर ते आपोआप येतं, आणि सासूबाई ते नेमकं वेळेत खुडतात; तरोटा आठवडाभर उशिरा खुडला तर कडू होतो. पोळ्याच्या सुमारास अंबाडी, वांगी, बरबटी (चवळी) सुरू होते. दिवाळीनंतर सांभार (कोथिंबीर), मेथी, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, मुळा, भेदरं (टोमॅटो) असा माल येतो, की पिशव्या कमी पडतात. भाजी घ्यायला सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

वांग्यात अळी निघाली तर?

निघते कधीमधी. ते वांगं बाजूला ठेवा, पुढच्या खेपेला सांगा, बदल्यात दुसरं देतो.

हळद वायगावची आहे का? आणि तिखट भिवापुरी?

वायगाव आमच्याच तालुक्यातलं गाव, आणि त्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आमचं बेणं तिथलंच. पाच किलो ओल्या हळदीची उकडून, वाळवून जेमतेम एक किलो होते, म्हणून भाव ऐकून दचकू नका. रंग गडद असतो, भाजीत निम्मी टाकली तरी पुरते.

मिरचीचं बी भिवापुरी आहे, पण आमचं वावर नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या पट्ट्यातलं नाही. म्हणून पुडक्यावर नुसतं ‘गावरान तिखट’ लिहितो. मानांकनाचं नाव ज्या मातीचं आहे, तिथल्याच शेतकऱ्याने ते वापरावं.

माल कुठे आणि कसा मिळेल?

आठवडी बाजारात, आणि व्हॉट्सॲपवर. भाजीची यादी आदल्या संध्याकाळी टाकतो, रात्रीपर्यंत नोंदणी घेतो आणि सकाळी तेवढीच खुडतो. हिंगणघाट आणि वर्ध्याला ठरलेल्या दोन-तीन ठिकाणी दीर गाडी घेऊन थांबतात. कुरिअरने भाजी पाठवत नाही. पुण्या-मुंबईहूनही मागणी येते, त्यांना मी सांगते की तुमच्या जवळच्या अशा एखाद्या शेतकऱ्याला शोधा. आठशे किलोमीटरवरची भेंडी ताजी राहत नाही, आणि वावर बघायलाही तुम्ही येऊ शकणार नाही.

मलाही अशी शेती करायची आहे. सगळं वावर एकदम बदलू का?

नका. घरी कर्ज असेल तर अजिबातच नका. आधी एक एकर घ्या, आणि तो विहिरीजवळचा, रोज नजरेसमोर राहील असा घ्या. वर्षानुवर्षं युरिया खाल्लेली जमीन पहिल्या दोन हंगामांत उतारा कमी देते, हे गृहीत धरूनच चला. प्रमाणपत्राच्या नियमातही वार्षिक पिकांना साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं संक्रमणाचा काळ म्हणून धरतात. त्या काळात माल साध्या भावाने विकावा लागतो. म्हणून बाकीचं वावर घर चालवत राहू द्या.

आणि विकायची सोय पेरणीआधी बघा. पंधरा-वीस घरं ठरलेली असतील तर अर्धा एकर भाजी सहज खपते. ती नसतील तर उत्तम वांगीही गुजरीत (भाजीबाजारात) दलालापुढे बाकीच्या ढिगातच जातात, आणि तिथे सेंद्रियला वेगळा भाव कोणी देत नाही.

एका गाईवर सगळं भागतं का?

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे पद्मश्री सुभाष पाळेकर सांगतात की एका देशी गाईवर तीस एकर होऊ शकतं. जीवामृत आम्हीही वापरतो. एकरी दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पण माझं मत असं की कापसाने थकलेल्या जमिनीत नुसत्या जीवामृतावर विसंबू नये. तिला खायला काडीकचराही लागतो. सोयाबीनचं कुटार (भुसा), तुरीचा पाला, गवत, पऱ्हाटीचा बारीक केलेला भुगा, हे सगळं परत मातीत गेलं पाहिजे. आपल्याकडे पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवून देतात, ते बघवत नाही.

शेण कमी असेल तर नॅडेप टाकं बांधा. ही पद्धत पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधली, म्हणजे आपल्याच भागातली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत विटांमध्ये मोकळी छिद्रं सोडलेलं टाकं. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर माती, असं वरपर्यंत भरून शेणमातीने लिंपायचं. एका टाक्याला शंभर किलोच्या आसपास शेण पुरतं आणि तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत निघतं. वरून तडे गेले की पुन्हा लिंपा, आणि ओल जाऊ देऊ नका. माझ्या पाहण्यात बहुतेक टाकी पाण्याअभावीच फसतात.

तणाचं काय करता?

या शेतीतलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, किडीपेक्षाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की सगळ्या गावाला एकाच वेळी डवरे (कोळपी) आणि मजूर हवे असतात. आम्ही बैलाच्या डवऱ्याने तीनदा डवरतो, ओळीतलं हाताने निंदतो. भाजीत कुटाराचं आच्छादन टाकतो, त्याने निंदण निम्म्यावर येतं. गटातल्या बायका एकमेकींच्या वावरात आळीपाळीने जातो. तरीही काही ठिकाणी कुंदा आणि हराळी उरतेच, ती उन्हाळ्यात खोदून काढावी लागते.

वावर वाढवायचा विचार आला की मी आधी निंदणाचा हिशेब करते. घरच्यांना आणि गटाला जेवढं निंदता येईल तेवढंच सेंद्रिय करावं, असं माझं ठाम मत आहे.

अळीवर निंबोळी अर्क खरंच चालतो का?

वेळेवर मारला तर चालतो. अंडी आणि बारीक अळी असतानाच त्याचा उपयोग; बोटाएवढी अळी झाल्यावर नाही. जून-जुलैत निंबोळ्या पडतात, त्या वेचून, वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, गाळून शंभर लिटर करायचं, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि संध्याकाळी फवारायचं. उन्हात मारला तर त्याची ताकद जाते. तुरीत ज्वारीचे दाणे मिसळून पेरा. कणसांवर पाखरं येतात आणि शेंगांवरची अळीही टिपतात.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा बंदोबस्त?

पूर्ण बंदोबस्त कुणालाच जमलेला नाही. आम्ही वावराभोवती जुन्या साड्या बांधल्या, त्याने रोही काही दिवस थबकले, मग सवयीचे झाले. आता कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारं सौर मशीन आहे आणि हरभऱ्याला घाटे धरलेले असताना दीर जागलीला असतात. मिरची, हळद, अंबाडी, जवस यांना जनावरं कमी तोंड लावतात, म्हणून त्यांतली अंबाडी आणि जवस कडेला घेतो. नुकसान झालं की लगेच फोटो काढून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. उशीर झाला की पंचनामा अडतो.

परवाने कोणते लागतात?

आपल्या वावरातली भाजी, फळं आणि धान्य जसंच्या तसं विकायला अन्न परवाना लागत नाही. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यामुळे थेट विकायला अडकाठी नाही. डाळ, हळद पावडर, तिखट, वड्या करून विकायच्या तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्या. ती ऑनलाइन होते आणि लहान विक्रेत्याला फी नाममात्र आहे. सेंद्रिय मालाचे २०१७ चे वेगळे नियम आहेत. त्यांत थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र प्रमाणपत्राशिवाय ‘जैविक भारत’ हे चिन्ह पुडक्यावर छापता येत नाही.

यात पैसा सुटतो का?

मोठा नाही. पण तो दर आठवड्याला येतो, आणि हे सुख कापसाच्या चुकाऱ्याची वाट बघितलेल्यालाच कळेल. बी, खत, औषध उधारीवर आणावं लागत नाही, त्यामुळे एखादं पीक गेलं तरी डोक्यावर व्याज चढत नाही. गारपिटीने हरभरा झोपला त्या वर्षी हळद आणि तुरीने घर सांभाळलं. एकाच पिकावर असतो तर सावकाराकडे जावं लागलं असतं.

बी मिळेल का?

तूर, अंबाडी, बरबटी, काटेरी वांगं, पोपट आणि देशी कापूस यांचं बी देतो. पैसे घेत नाही. पीक आलं की घेतलं त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचं, ते पुढच्या माणसाला जातं.

वावर बघायला कधी यावं?

रविवारी सकाळी, आदल्या दिवशी फोन करून. पावसाळ्यात शेवटचा रस्ता चिखलाचा आहे, चारचाकी गावातच ठेवावी लागते आणि पुढे चालत यावं लागतं. जेवायचं असेल तर आधी सांगा. भाकर, वावरातली भाजी आणि जवसाची चटणी असते. हुरड्याला येणाऱ्यांनी थंडी सुरू झाली की विचारावं, ज्वारी केव्हा हुरड्यात येईल ते तेव्हाच सांगता येतं.